मंडळी तीच काय?

वाद कोणीं कसा घालावा यास आपल्याकडे शास्त्र आहे. परंतु आवडीनिवडीच्या वादांस तें लागू नाहीं असें समजण्याची चाल पडली आहे. पक्वान्न, नट, गवई आणि क्रिकेटचा खेळाडू या चार विषयांवर बोलतांना एरवीं समंजस असलेला गृहस्थहि प्रमाण, हेतु, दृष्टान्त हीं सर्व बाजूस ठेवितो आणि ‘आमच्या वेळीं’ या दोन शब्दांनीं प्रतिपक्षाचा निकाल लावूं पाहतो. प्रतिपक्ष बहुधा वयानें लहान असतो, आणि ‘तुम्हांस नवें कळत नाहीं’ हें त्याचें उत्तर तयारच असतें. दोघेहि थकतात, ज्या गोष्टीवरून वाद निघाला ती मात्र होती तेथेंच राहते.

अशा वादाचा एक ठळक नमुना आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे. तो आपल्या गाण्यांतील नाहीं, विलायती गाण्यांतील आहे. ‘रोलिंग स्टोन्स’ या नांवाची एक इंग्रज मंडळी १९६२ सालीं लंडन शहरांत निघाली, आणि त्या वर्षीं १२ जुलै रोजीं तेथील मार्की क्लबांत तिचा पहिला जलसा झाला. ज्यास ‘रॉक’ म्हणतात त्या जातीचें तिचें संगीत. आमच्या कित्येक वडील वाचकांस तें संगीत नसून गोंगाट वाटेल. त्यांनीं तें ऐकावें असा आमचा आग्रह नाहीं. परंतु या मंडळीच्या भक्तांत जो वाद अर्धें शतक चालला आहे तो मात्र त्यांनीं अवश्य ऐकावा. वाद असा कीं, या मंडळीच्या प्रत्यक्ष जलशांचा खरा बहराचा काळ कोणता, आणि तो बहर कोणा गिटारवादकामुळें आला?

हा प्रश्न आपल्या दारापासून फार दूर आहे असेंहि नाहीं. २००३ सालच्या एप्रिल महिन्यांत ही मंडळी हिंदुस्थानांत आली होती. ४ तारखेस बंगळूर येथें व ७ तारखेस मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर तिचे जलसे झाले. त्यामुळें ज्यांनीं तिला डोळ्यांनीं पाहिलें असे काका आणि जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांच्याहि मागच्या काळाचे भक्त बनलेले पुतणे आपल्याकडे एकाच पंक्तीस जेवावयास बसतात, आणि मग ताटांतील भात निवत जातो.

प्रथम मंडळीची ओळख थोडक्यांत करून दिली पाहिजे. मिक जॅगर हा गायक आणि कीथ रिचर्डस् हा गिटारवादक. बहुतेक गाणीं या दोघांच्या नांवावर आहेत. चार्ली वॉट्स ड्रम वाजवीत असे. तो २०२१ च्या ऑगस्टमध्यें निवर्तला. बिल वायमन बेस गिटार वाजवी; त्यानें १९९३ सालीं मंडळी सोडल्याचें जाहीर केलें. रिचर्डस्च्या जोडीस दुसरा एक गिटारवादक असावयाचा अशी या मंडळीची आरंभापासून रीत आहे. त्या एका आसनावर आजवर तीन पुरुष बसले. १९६२ पासून १९६९ पर्यंत ब्रायन जोन्स, १९६९ पासून १९७४ पर्यंत मिक टेलर, आणि १९७५ पासून रॉनी वुड. भक्तांचे जे तीन पंथ झाले ते या तीन आसनाधिपतींवरून.

आतां, एकाच जातीचीं दोन वाद्यें एकाच वेळीं काय करीत असतात हें समजल्यावांचून वादाचें मर्म कळावयाचें नाहीं. याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग वांटणीचा. एकानें लय व स्वरांचे जुडगे सांभाळावे, आणि दुसऱ्यानें त्या बैठकीवर स्वतंत्र स्वरावलि खेळवावी. तंबोरा आणि ठेका यांच्या आधारावर गवई जसा मोकळा फिरतो तसा. दुसरा मार्ग विणकराचा. दोघांनींहि थोडी लय, थोडी स्वरावलि घ्यावी, एकानें सोडलेला धागा दुसऱ्यानें उचलावा, आणि कोणता धागा कोणाचा हें ऐकणारास सांगतां येऊं नये. रिचर्डस् स्वतः या दुसऱ्या मार्गास विणकामाचीच उपमा देत आला आहे.

रिचर्डस्च्या वादनांतील आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९६८-६९ च्या सुमारास त्यानें गिटार निराळ्या रीतीनें मिळविण्यास आरंभ केला. गिटारीस सहा तारा असतात. त्यांतील सर्वांत जाड तार त्यानें काढून टाकली, आणि उरलेल्या पांच तारा अशा लाविल्या कीं मुळींच बोट न ठेवतां त्या छेडल्या तरी एक पूर्ण स्वरसंवाद निघावा. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर पहिली तार षड्ज धरून सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग आणि प अशी ती जुळणी. ‘हॉन्की टॉन्क विमेन’, ‘ब्राउन शुगर’, ‘स्टार्ट मी अप’ या गाण्यांचे सर्वतोमुखीं झालेले आरंभ या पांच तारांतून निघाले आहेत. दुसऱ्या गिटारवादकाविषयीं बोलतांना हा पाया विसरतां उपयोगी नाहीं.

पहिल्या पंथाचें दैवत ब्रायन जोन्स. वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन मंडळी जमविणारा तो, आणि मडी वॉटर्स या अमेरिकन नीग्रो गायकाच्या एका गाण्यावरून तिला नांव देणाराहि तोच. तारांवरून नळी सरकवीत वाजविण्याची रीत, जींत आपल्या मींडेसारखा स्वर अखंड वाहतो, ती इंग्लंडांत प्रथम आत्मसात् करणाऱ्या थोड्या तरुणांत त्याची गणना होते. पुढें तर एका वाद्यावर त्याचें समाधानच होईना. १९६६ सालच्या ‘पेंट इट ब्लॅक’ या गाण्यांत त्यानें आपली सतार वाजविली, ‘अंडर माय थंब’मध्यें मारिम्बा नांवाचें लांकडी पट्ट्यांचें वाद्य वाजविलें, ‘रूबी ट्यूसडे’मध्यें बांसरीच्या जातीचा रेकॉर्डर फुंकला. या पंथाचें म्हणणें असें कीं, मंडळीला रंग जोन्सनें दिला. पुढें आलेल्यांनीं गिटार वाजविली, जोन्सनें गाणें सजविलें.

हें खरें आहे. परंतु येथें प्रश्न प्रत्यक्ष जलशांचा आहे, आणि त्या बाबतींत जोन्सच्या काळाचा पुरावा फार दुबळा आहे. त्या वेळीं एकेका रात्रीं अनेक मंडळ्या गात व प्रत्येकीच्या वांट्यास अर्धा तास येई. ध्वनिवर्धक यंत्रें बाल्यावस्थेंत होतीं, आणि श्रोतृवर्गांतील मुलींच्या किंकाळ्यांपुढें वादकांस स्वतःचें वाद्यहि ऐकूं येत नसे. १९६६ च्या शेवटीं अमेरिकेंत या मंडळीच्या जलशाची म्हणून एक ध्वनिमुद्रिका निघाली. तींतील दोन गाणीं तर मुद्रणगृहांत वाजविलेलीं असून त्यांवर मागाहून लोकांचा कोलाहल चढविलेला आहे! ज्या काळाची साक्षच अशी, त्या काळाच्या जलशांविषयीं अनुकूल अथवा प्रतिकूल निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं. जोन्सविषयींचा खरा निकाल त्याच्या मुद्रणगृहांतील कामावरूनच लाविला पाहिजे, आणि तेथें तो उत्तम गुणांनीं उत्तीर्ण आहे.

त्याचा शेवट मात्र शोचनीय झाला. मादक द्रव्यांच्या आहारीं जाऊन त्याचें काम मंदावलें. १९६९ च्या जूनमध्यें, जी मंडळी त्यानें काढली तिनेंच त्यास निरोप दिला. आणि ३ जुलै रोजीं आपल्या घरच्या पोहण्याच्या तलावांत तो मृतावस्थेंत सांपडला. वय अवघें सत्तावीस. दोनच दिवसांनीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें मंडळीचा आगाऊ ठरलेला जलसा होता. लाखों लोकांपुढें जॅगरनें शेलेच्या ‘अडोनेस’ या शोककाव्यांतील भाग वाचून दाखविला, पांढरीं फुलपांखरें सोडण्यांत आलीं, आणि मग गाणें सुरू झालें. दुसऱ्या आसनावर त्या दिवशीं एक वीस वर्षांचा तरुण प्रथमच लोकांपुढें उभा होता. तो मिक टेलर.

टेलर हा जॉन मेयॉल यांच्या मंडळींत तयार झालेला. त्याचा हात गोड, स्वर लांब आणि भरीव. तार दाबून दिलेलें आंदोलन आणि नळीनें काढलेली मींड हे त्याचे खास गुण. त्याच्या आगमनानें मंडळीनें विणकराचा मार्ग सोडून वांटणीचा मार्ग धरिला: रिचर्डस्नें खडक घालावा आणि टेलरनें त्यावरून पाण्यासारखें वाहावें. १९६९ च्या शेवटीं तीन वर्षांच्या खंडानंतर अमेरिकेचा दौरा झाला. त्यांतील न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील जलशांची मुद्रिका ‘गेट यर या-याज आउट’ या नांवानें १९७० सालीं निघाली. १९७२ चा अमेरिकेचा दौरा टेक्सासमध्यें घेतलेल्या चित्रपटांत पाहावयास मिळतो; त्या वेळीं सॅक्सोफोन व ट्रम्पेट वाजविणारेहि बरोबर होते. १९७३ च्या ऑक्टोबरांत ब्रुसेल्स येथें झालेले जलसे तर या पंथाचें तीर्थक्षेत्रच. फ्रान्समध्यें रिचर्डस्च्या मागें मादक द्रव्यांचें प्रकरण लागल्यामुळें तेथें जलसा होऊं शकेना. म्हणून फ्रेंच श्रोते आगगाडीनें बेल्जममध्यें आले. त्या दिवसाचें मुद्रण वर्षानुवर्षें चोरट्या प्रतींतून फिरत होतें. २०११ सालीं मंडळीनें तें स्वतः प्रसिद्ध केलें. त्यांतील ‘मिडनाइट रॅम्ब्लर’ हें लांबलचक गाणें ऐकावें. लय मंदावते, थांबतेसें वाटतें, पुन्हा उसळते. आणि या सर्व चढउतारांत टेलरचा हात क्षणभरहि घाबरत नाहीं. गायनाचा अभ्यास केलेल्या मनुष्यासहि येथें थबकावें लागतें.

या पंथाच्या लोकांस आम्ही एकच गोष्ट सुचवूं. ते १९६९ सालास सरसकट सुवर्णवर्ष म्हणतात. त्याच दौऱ्याच्या शेवटीं, ६ डिसेंबर रोजीं, कॅलिफोर्नियांत अल्टामॉन्ट येथें जो मोफत जलसा झाला, त्यांत व्यासपीठाच्या राखणीसाठीं मोटारसायकलींवरून फिरणाऱ्या एका दांडगट टोळीस उभें केलें होतें, आणि त्या टोळींतील एकानें अठरा वर्षांच्या एका तरुणास व्यासपीठासमोर भोसकून ठार मारिलें. गाणें कितीहि रंगलेलें असो, ज्या वर्षांत श्रोत्याचा प्राण गेला त्यास सुवर्ण हें विशेषण लावतांना जीभ किंचित् अडखळावी, एवढीच अपेक्षा.

१९७४ च्या डिसेंबरांत टेलर मंडळी सोडून गेला. त्याच्या जागीं आलेला रॉनी वुड हा ‘फेसेस’ नांवाच्या दुसऱ्या मंडळींतील. १ जून १९७५ रोजीं लुइझियाना संस्थानांतील बॅटन रूज येथें दौरा सुरू झाला तेव्हां तो पाहुणा म्हणून आला होता. योगायोगानें तो त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. पुढें पाहुण्याचा घरचा माणूस झाला, आणि पन्नास वर्षें उलटलीं तरी तो त्याच आसनावर आहे. वुडचा हात टेलरइतका गोड नाहीं, हें त्याचे भक्तहि कबूल करितात. पण त्याच्या येण्यानें विणकराचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. १९७८ सालचें ‘बीस्ट ऑफ बर्डन’ हें संथ गाणें घ्यावें. दोन गिटारी एकमेकींत अशा मिसळल्या आहेत कीं एक काढून घेतली तर दुसरी अर्ध्या वाक्यासारखी लोंबत राहील. १९७८ चा टेक्सासमधील जलसा चपळ व काटक आहे. १९८१ पासून मोठमोठीं क्रीडांगणें आलीं, रोषणाई आली, आणि वादन कांहींसें सैल झालें. तरी १९९५ सालीं ॲमस्टरडॅम व पॅरिस येथील लहान नाट्यगृहांत हीच मंडळी किती आटोपशीर वाजवूं शकते हें दिसून आलें. ब्रेबोर्नवर आपल्या लोकांनीं ऐकली ती या तिसऱ्या काळांतील मंडळी.

तीन पंथांचीं म्हणणीं हीं अशीं आहेत. आतां त्यांच्या वाद घालण्याच्या रीतीकडे वळूं. न्यायशास्त्रांत कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावें म्हणून बोलणें तो वाद. जिंकावें म्हणून बोलणें तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडतां केवळ दुसऱ्याचें खोडून काढणें ती वितंडा. या मंडळीच्या भक्तांचीं भाषणें आम्ही पुष्कळ ऐकलीं व वाचलीं. त्यांत जल्प विपुल, वितंडा पुरेशी, आणि वाद क्वचित्. त्याचें मुख्य कारण असें कीं, कोणतें प्रमाण आपण वापरीत आहों याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

काका म्हणतात, ‘मीं स्वतः ऐकलें आहे.’ हें प्रत्यक्ष खरें. परंतु कोणाचें प्रत्यक्ष? क्रीडांगणाच्या टोंकास बसून, हजारों लोकांच्या गजरांत, तारुण्याच्या भरांत ऐकलेलें. त्यांत गाण्याचा अंश किती आणि त्या रात्रीच्या उत्साहाचा किती, हें काकांसहि सांगतां यावयाचें नाहीं. पुतण्या म्हणतो, ‘ध्वनिमुद्रिका ऐका, ती खोटें बोलत नाहीं.’ तीहि बोलते! ‘या-याज’च्या मुद्रिकेवरील गायनाचा कांहीं भाग मागाहून मुद्रणगृहांत पुन्हा गाऊन घातलेला आहे. शिवाय मुद्रिका म्हणजे शेंकडों रात्रींतून निवडलेल्या एकदोन रात्री. एका चांगल्या ताटावरून साऱ्या खानावळीची परीक्षा करावी तसें तें होतें. यापेक्षां श्रोत्यांत बसून कोणीं गुपचूप केलेलीं मुद्रणें, उदाहरणार्थ ९ नोव्हेंबर १९६९ रोजीं ओकलंड येथें झालेलें, जास्त प्रामाणिक म्हणावयाचीं. त्यांतील दोष निवडून काढावयास कोणास सवड मिळालेली नसते.

दुसरा दोष कार्यकारणभावाचा. टेलर आला आणि मंडळी चांगली वाजवूं लागली, म्हणून टेलरमुळें मंडळी चांगली झाली, असें अनुमान सर्रास ऐकूं येतें. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, तर फळ कावळ्यानें पाडलें असें होत नाहीं. त्याच काळांत दुसरें काय काय घडत होतें तें पाहावें. रिचर्डस्ची पांच तारांची जुळणी त्याच वेळीं हातीं आली. जिमी मिलर या निर्मात्याचें साह्य १९६८ पासून होतें. ‘बेगर्स बँक्वेट’ ही मुद्रिका टेलर येण्यापूर्वींची, आणि ‘लेट इट ब्लीड’वर टेलरनें दोनच गाण्यांत वाजविलें आहे, तरी या दोन मुद्रिकांचा दर्जा कोणीहि कमी मानीत नाहीं. ध्वनिवर्धकें सुधारलीं, श्रोते किंचाळण्याचें सोडून ऐकूं लागले, आणि मंडळीस अर्ध्या तासाऐवजीं सवडीनें गावयास मिळूं लागलें. बहर आला तो इतक्या कारणांनीं मिळून आला.

तर मग टेलरचें श्रेय शून्य काय? नव्हे. येथें अन्वय आणि व्यतिरेक लावून पाहावा. तो असतां काय होतें, तो नसतां काय होतें? ‘मिडनाइट रॅम्ब्लर’ हें एकच गाणें तिन्ही प्रकारें ऐकावयास मिळतें: १९७३ सालीं टेलरसह, पुढें टेलरविना, आणि २०१२ च्या नोव्हेंबरांत लंडन येथें पाहुणा म्हणून टेलर पुन्हा उभा राहिला तेव्हां वुड व टेलर दोघांसह. तीं तीन पाठोपाठ ऐकिलीं म्हणजे टेलर असतांना गाण्यास जी लांबवर जाण्याची हिंमत येते ती त्याचीच देणगी, असें मान्य करावें लागतें. उलट ‘बीस्ट ऑफ बर्डन’मधील वीण ही वुडची. म्हणून आमचें मत स्पष्ट सांगतों. केवळ जलसा म्हणून विचारलें तर १९७२ व १९७३ हीं दोन वर्षें श्रेष्ठ. आणि त्या श्रेष्ठत्वांत टेलरचा वांटा मोठा, पण सर्वस्वीं त्याचा नव्हे. मंडळी म्हणून विचारलें तर वुडचा काळ मोठा मानावा लागेल. कसा, तें पुढें सांगतों.

कांहीं टेलरभक्त याहिपुढें जाऊन म्हणतात कीं, १९७४ नंतरची मंडळी ती मंडळीच नव्हे, केवळ नांव तेंच. व्याकरणांत यास उत्तर देणारी एक परिभाषा आहे. एखाद्या शब्दाचा एक भाग बदलला म्हणून शब्द परका होत नाहीं. आणि दृष्टान्त देतात तो कुत्र्याचा, शेपूट तुटलें म्हणून कुत्र्याचा घोडा होत नाहीं. परंतु ही परिभाषा आंधळेपणानें लावूं नये. कोणता भाग बदलला म्हणजे वस्तु बदलली, हें प्रत्येक वस्तूचें निराळें असतें. या मंडळीचा प्राण जॅगर, रिचर्डस् आणि वॉट्स यांच्या परस्परसंबंधांत होता. जाणते ऐकणारे सांगतात कीं बहुतेक मंडळ्यांत ड्रमच्या मागें सर्व जातात. येथें वॉट्स हा रिचर्डस्च्या गिटारीच्या मागें जाई, आणि त्या केसभर अंतरांतच या मंडळीचा झोंक होता. म्हणून दुसरें गिटारीचें आसन दोनदां बदललें तरी मंडळी ओळखूं येत राहिली. वॉट्स गेल्यानंतर मात्र हा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहतो. आणि गिटारीवरून भांडणाऱ्या तिन्ही पंथांनीं त्याकडे पाठ फिरविली आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हा विषय आमच्या वाचकांपुढें आणिला ती सांगतों. आमचे बहुतेक वाचक एकत्र कुटुंबांतील आहेत. या तीन गिटारवादकांच्या कथा त्यांस अपरिचित वाटूं नयेत. घर उभें करणारा एक पुरुष असतो. त्याचे पाय पुढें डळमळतात, आणि त्यानेंच वाढविलेलीं धाकटीं माणसें एके दिवशीं कारभार त्याच्या हातून काढून घेतात. काढून घेणें कदाचित् अवश्य असेल. परंतु घर कोणीं उभें केलें हें सांगावयाचें थांबवणें अवश्य नसतें. दुसरा एक कर्ता तरुण असतो. त्याच्या हातानें घराची भरभराट होते, पण खतावणींत त्याचें नांव चढत नाहीं. टेलरचें तसें झालें. त्याच्या साडेपांच वर्षांच्या काळांतील गाण्यांपैकीं ‘व्हेंटिलेटर ब्लूज’ या एका गाण्यावर रचनाकार म्हणून जॅगर व रिचर्डस् यांच्या जोडीस त्याचें नांव लागलें. आणखी कांहीं गाण्यांच्या घडणींत आपला हात असून नांव मिळालें नाहीं, अशी त्याची तक्रार होती. तो निघून गेला त्यास ही एकच गोष्ट कारण नसेल. पण ती एक कारण होती. आणि तिसरा एक असतो तो गुणांनीं फार चमकणारा नव्हे, पण स्वभावानें गोड. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत जॅगर आणि रिचर्डस् यांचें इतकें बिनसलें होतें कीं मंडळी मोडावयाची तेवढी राहिली होती. त्या वेळीं दोघांमध्यें ये-जा करून बोलणें चालू ठेविलें तें वुडनें. आणि तोहि पहिलीं पुष्कळ वर्षें भागीदार नसून पगारी होता! ज्या घरांत दोन भाऊ एकमेकांशीं बोलत नाहींत, त्या घरांतल्या अशा तिसऱ्या माणसाची किंमत आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको. आम्हीं वुडचा काळ मोठा म्हटला तो याच हिशेबानें.

या कथेंत चौथाहि एक पुरुष आहे, आणि त्याच्या नांवाचा पंथच नाहीं. इयान स्टुअर्ट हा पियानो वाजविणारा मंडळीच्या अगदीं आरंभापासूनचा. १९६३ सालीं व्यवस्थापकानें ठरविलें कीं याचें रूप तरुण श्रोत्यांस आवडण्याजोगें नाहीं आणि मंडळींत सहा माणसें जास्त होतात. म्हणून जाहीर नामावलींतून त्याचें नांव काढलें. स्टुअर्ट रुसून गेला नाहीं. तो गाडी हांकी, सामान लावी, आणि आवडीचें गाणें असेल तेव्हां पियानोवर बसे. १९८५ सालीं मरेपर्यंत त्यानें हेंच केलें. अमेरिकेंतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेनें १९८९ सालीं या मंडळीचा गौरव केला. त्या नामावलींत जोन्स आहे, टेलर आहे, वुड आहे, आणि स्टुअर्टहि आहे. भक्तांस जें साधलें नाहीं तें एका यादीनें साधलें.

तेव्हां आमच्या तरुण वाचकांस आमचें सांगणें असें कीं, वाद जरूर घाला. ज्या गोष्टीवर प्रेम आहे तिच्याविषयीं बारकाईनें बोलणें ही बुद्धीची मशागत आहे, मग ती गोष्ट कालिदासाची असो वा गिटारीची. परंतु बोलण्यापूर्वीं तीन गोष्टी ठरवून घ्या. प्रश्न जलशाचा आहे, रचनेचा आहे, कीं मंडळी टिकविण्याचा आहे? आपलें प्रमाण काय? आणि ज्याची बाजू आपण घेत नाहीं त्याचें श्रेय एका वाक्यांत तरी प्रामाणिकपणें सांगतां येतें काय? हें तिसरें ज्यास साधत नाहीं त्यानें अजून ऐकलेंच नाहीं असें समजावें.

आणि वडील मंडळींस एवढेंच कीं, माडीवर पुतण्या कांहीं लावून बसला असेल तर खालून ‘बंद कर’ म्हणण्यापूर्वीं एकदां वर जाऊन विचारावें, ‘यांत दोन गिटारी आहेत ना? कोणती कोणाची?’ त्यास सांगतां आलें तर पोरगा कान देऊन ऐकत आहे. त्याच्याजवळ पांच मिनिटें बसण्यास हरकत नाहीं. सांगतां आलें नाहीं, तर तो वाजवीत आहे पण ऐकत नाहीं. मग खुशाल बंद करावयास सांगावें.